बहुमताने सरळ ठरलेलं झाड

बोळिंजच्या 'पाइन शिखर' या गृहसंकुलात शिखर नाही, हे तिथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आज इमारती उभ्या आहेत तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. पाइनही नाही, हे मात्र सगळ्यांत आधी विलास आंबेरकर यांच्या लक्षात आलं. बिल्डरच्या माहितीपत्रकावर बर्फाच्या डोंगरासमोर पाइनची रांग छापलेली होती. ताबा मिळाला तेव्हा आवारात दोन अशोक, एक पंपाची खोली आणि मुलांची घसरगुंडी होती. आंबेरकरांनी जाऊन विचारलं, तर बिल्डरच्या कार्यालयातली मुलगी म्हणाली, "सर, ते नाव आहे."

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. आंबेरकर वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात निरीक्षक होते. तराजू, पेट्रोल पंपाची मापं, फरसाणाची पाकिटं यांत त्यांची हयात गेली. पाकिटावर जे लिहिलंय ते आत असलं पाहिजे, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी नोकरी केली होती. संकुल हे त्यांच्या लेखी एक मोठं पाकीट होतं.

पहिला प्रयत्न खऱ्या पाइनचा झाला. हिमाचलच्या सहलीहून परतताना त्यांनी चीडचं रोप आणलं. पत्नी मनोरमाबाई ते परतीच्या प्रवासभर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मे महिन्यात रोप तपकिरी झालं, पण पडलं नाही. मेल्यावरही ते ताठ उभं होतं, याचं आंबेरकरांना कौतुक होतं.

मग ते पापडीला बर्नार्ड लोपीस यांच्या रोपवाटिकेत गेले. बर्नार्ड केळी, मोगरा आणि शोभेची झाडं विकत. त्यांनी चीडची हकीकत ऐकून घेतली.

"साहेब, पाइन इकडे नाय होणार. त्याला थंडी लागते. तुम्ही ख्रिसमस ट्री न्या."

"तो पाइनच ना?"

"दिसायला तोच."

"जात कुठली?"

"ख्रिसमस ट्रीची," बर्नार्ड म्हणाले. वडिलांनी बंगलोरहून रोपं आणली होती, त्यांच्या बियांची ही रोपं, याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं आणि आजवर कोणी विचारलंही नव्हतं.

नाव नसलेली वस्तू आंबेरकर आवारात लावणं शक्य नव्हतं. त्यांनी वाचनालयातून शोभेच्या झाडांचं पुस्तक आणलं. एका चित्रात हुबेहूब तेच रोप होतं. खाली लिहिलं होतं: नॉर्फोक आयलंड पाइन. मूळ स्थान पॅसिफिकमधलं एक बेट. खोड ओळंब्यासारखं सरळ. 'ओळंबा' हा शब्द वाचून आंबेरकरांचा शोध संपला. याच झाडाचा कुक पाइन नावाचा एक भाऊ आहे, लहानपणी दोघे ओळखू येत नाहीत आणि रोपवाटिकांमध्ये एकाच्या नावाने दुसरा खपतो, ही माहिती पुढच्याच पानावर होती. आंबेरकरांना आधीचं पान पटलं होतं.

रोप घसरगुंडीपासून थोडं दूर, पंपाच्या खोलीच्या दक्षिणेला लागलं आणि चांगलं वाढलं. फांद्यांचे मजले एकावर एक चढत गेले. इमारतीच्या दुसऱ्या मजल्याला झाड लागलं तेव्हा रहिवाशांना पहिल्यांदाच संकुलाच्या नावाचा अर्थ लागला आणि लोक आंबेरकरांकडे रोपं मागू लागले.

आंबेरकरांनी गुटी कलमं केली. वसईच्या वाड्यांमध्ये चिकू-पेरूला करतात तशी: फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक बांधायचं. मुळं फुटली की फांदी कापून कुंडीत. चिकूची फांदी कुंडीत गेली की तिचं झाड होतं. या झाडाच्या फांदीचं होत नाही. याच्या बाजूच्या फांदीला मुळं फुटली तरी ती स्वतःला फांदीच समजते आणि जन्मभर आडवी वाढते. सरळ झाड हवं असेल तर शेंडाच कलम करावा लागतो, आणि शेंडा एकच असतो. आंबेरकरांनी खालच्या फांद्या वाटल्या होत्या. 'पाइन शिखर'च्या अनेक बाल्कन्यांमध्ये त्यामुळे आडवी झाडं वाढू लागली.

"काका, तुमचं झाड झोपलंय," डी विंगच्या ज्युली परेरा जिन्यात म्हणाल्या.

"बाळसं धरतंय. उठेल."

ते उठलं नाही. ज्युलींनी पुढच्या नाताळात त्याच्या टोकाला तारा बांधला. टोक ग्रिलच्या बाहेर गेलेलं असल्यामुळे तारा थेट रस्त्यावरून दिसू लागला आणि शेजारच्या संकुलातल्या लोकांनी असं झाड कुठे मिळतं याची चौकशी केली.

याच काळात मूळ झाड दक्षिणेकडे झुकायला लागलं.

आंबेरकरांनी पहिल्यांदा ते मान्य केलं नाही. इमारत तिरकी असल्यामुळे झाड तसं दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी गच्चीवरून ओळंबा सोडून पाहिला. इमारत बरोबर होती. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण बर्नार्डना बोलावून घेतलं.

बर्नार्डनी झाडाभोवती एक फेरी मारली. "टेका द्या, साहेब. केळ वाकली की आपण काय करतो?"

घड धरलेली केळ वाकली आणि तिला टेका दिला नाही, तर ती मोडते. वसईत हे सांगावं लागत नाही. दोन बांबूंची कैची करून झाडाला खालून उचलून धरायचं. लवकरच पाइनला केळीची कैची लागली. झाड कैचीच्या वर गेलं, तेव्हा आंबेरकरांनी नायलॉनची दोरी आणली. तिचं एक टोक खोडाला, दुसरं पंपाच्या खोलीच्या हुकाला. दर वर्षी पावसाळ्याआधी ते दोरी थोडी ताणत. चष्म्यावरून बघत ते मागे सरत, पुन्हा पुढे येत, पुन्हा ताणत. दोरीपर्यंतचं झाड सरळ राहिलं. दोरीच्या वरचं झाड आपल्या मनाने दक्षिणेला जात राहिलं.

पाटीचा ठराव २०१४ सालचा. वार्षिक सर्वसाधारण सभेत आंबेरकरांनी झाडाला नावाची पाटी लावण्याचा प्रस्ताव मांडला. मजकूर त्यांनी वाचून दाखवला: नॉर्फोक आयलंड पाइन, मूळ स्थान, वैशिष्ट्य – खोड ओळंब्यासारखे सरळ. मागच्या रांगेतून विनिता सबनीस उभ्या राहिल्या. बी विंग, तिसरा मजला. त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ते झाड होतं.

"आंबेरकर, खात्री आहे? मला तो कुक पाइन वाटतो."

"पुस्तकात आहे, बाई."

"पुस्तकातलं झाड आणि हे झाड एकच आहे, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

सभेत हशा झाला. आंबेरकरांच्या खात्यात त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. ते म्हणाले, "ज्यांना शंका आहे त्यांनी पुरावा द्यावा. नाहीतर सभेने ठरवावं." बटाटेवडे येऊन पडले होते आणि गार होत होते. अध्यक्षांनी विषय मताला टाकला. 'संकुलातील वृक्ष हा नॉर्फोक आयलंड पाइन आहे' हा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात एक.

त्यानंतर अकरा वर्षं आंबेरकर आणि सबनीस बाई एकमेकांशी बोलले नाहीत. होळीला, गणपतीला, पाणी गेलं तेव्हाही नाही. पाटी ॲल्युमिनियमची होती. ती आंबेरकरांनी पाणसळ लावून अगदी आडवी बसवली होती.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जितेश म्हसकर संकुलाचे सचिव झाले. पस्तिशीचे, अंधेरीला नोकरी, पाच वर्षांची मुलगी. ती मुलगी रोज संध्याकाळी घसरगुंडीवर असे आणि झाडाचा शेंडा आता घसरगुंडीच्या दिशेने आलेला होता. जवळच्या एका वसाहतीत आदल्या पावसाळ्यात झाड पडून रिक्षा चेपली होती. जितेशनी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारणा केली. एक अधिकारी येऊन बघून गेले. झाडाची जात, कलण्याचं कारण आणि सोसायटीचा ठराव द्या, मग तोडण्याच्या परवानगीचं बघू, असं त्यांनी सांगितलं.

जितेश पाटीसमोर उभे राहिले. मोबाइलवर त्यांनी नॉर्फोक पाइन शोधला. मग ते आंबेरकरांच्या घरी गेले.

"काका, सगळीकडे एकच लिहिलंय. नॉर्फोक सरळ वाढतो. तुमच्याच पाटीवर आहे."

"आहे."

"मग सरळ वाढणारं झाड वाकलं याचा अर्थ मुळं गेली. म्हणजे डेंजरच ना? लॉजिक सिंपल आहे."

तर्कात खोट नव्हती. झाड नॉर्फोक होतं, याला सभेचा ठराव होता. नॉर्फोक सरळ असतो, याला आंबेरकरांची पाटी होती. आणि झाड वाकलंय, हे आता सगळ्यांना दिसत होतं. मेअखेर विशेष सभा ठरली. विषय एकच: वृक्षतोड.

जितेश गेल्यावर मनोरमाबाई चहाचे कप उचलत म्हणाल्या, "अहो, त्या बी विंगवाल्या बाई काय म्हणाल्या होत्या तेव्हा?"

"काय म्हणाल्या?"

"मला काय विचारता? तुम्हाला पाठ आहे."

पाठ होतंच. झाड नॉर्फोक असेल तर ते जाणार. ते वाचवायचं तर ते नॉर्फोक नसायला हवं. आणि ते नॉर्फोक नाही असं म्हणणारं माणूस संकुलात एकच होतं. आंबेरकरांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते बी विंगमध्ये गेले.

दार साखळीपुरतं उघडलं. "कोण?"

"आंबेरकर."

"कुठले?"

"ए विंगचे." थोडं थांबून ते म्हणाले, "झाडाचे."

साखळी निघाली. सबनीस बाईंनी बसा म्हटलं नाही, पण पंखा लावला. आंबेरकर बसले. खिडकीत ते झाड होतं. इथून खाली दोरीची गाठ नेमकी दिसत होती. ते या उंचीवरून झाड पहिल्यांदाच बघत होते.

"बाई, ते झाड तोडायचं म्हणतायत."

"नॉर्फोक?"

"हो. म्हणजे... तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की..."

"माझं काय घेऊन बसलात? बहुमताने ठरलंय ते."

आंबेरकर थोडे पुढे सरकले. "तुम्ही सभेत दोन शब्द बोललात तर लोक ऐकतील. तुम्ही हा विषय शिकवलाय."

"अकरा वर्षांपूर्वीही शिकवलेलाच होता."

बाई आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. "मी काही बोलणार नाही, आंबेरकर. नाव तुम्ही दिलंत, काढायचं तर तुम्हीच काढा. पण डोळे उघडे ठेवून काढा, माझ्यावर विसंबून नको. सालीकडे बघितलंयत कधी?"

"सालीला काय झालं?"

"कागदासारखी पातळ सुटते, आडव्या वळकट्या होऊन. नॉर्फोकची सुटते ती बारीक खपल्यांनी. आणि हा बघा किती सडपातळ आहे. नॉर्फोकच्या फांद्या लांब असतात, तंबूसारखा पसरतो तो. हा खांबासारखा चढलाय. तिसरं म्हणजे हे कलणं. कुक पाइन जगात कुठेही लावा, तो विषुववृत्ताकडे कलतो. ऑस्ट्रेलियात लावला तर उत्तरेला, आपल्याकडे दक्षिणेला. का, ते अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. तो आजार नाही, त्याची चालच तशी आहे."

"आणि दोरी?"

"दोरी तुमची चाल आहे."

आंबेरकर उठले. दारापर्यंत आल्यावर बाई म्हणाल्या, "आणि कुक असो की नॉर्फोक, पाइन दोन्ही नाहीत. घराणंच वेगळं. पण तेवढं सभेत सांगू नका. संकुलाचं नाव बदलावं लागेल."

पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही आंबेरकरांची सवय होती. अकरा वर्षांपूर्वी ती त्यांना आठवली नव्हती एवढंच. दुसऱ्या दिवशी ओळंबा पिशवीत घालून त्यांनी स्कूटर काढली. मनोरमाबाई मागे बसल्या. दिशा बघायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण होकायंत्र त्यांच्या मोबाइलमध्ये होतं.

पहिला मुक्काम पापडी. बर्नार्डच्या अंगणात त्यांच्या वडिलांनी लावलेलं जुनं झाड होतं, ज्याच्या बियांपासून बोळिंजचं रोप आलं होतं. त्यालाही केळीची कैची लावलेली होती. झाड कैचीच्या कितीतरी वर जाऊन झुकलं होतं.

"हे कधीपासून वाकडंय?"

"बापाच्या वेळेपासून."

"आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही जात विचारली होती, साहेब. वाकडं होतं का ते नाय विचारलं."

"का वाकलं असेल?"

"देवळाकडे वाकलंय ना." चर्चला इथले जुने लोक देऊळच म्हणतात, आणि बर्नार्डच्या घरापासून ते दक्षिणेला होतं. "आई सांगायची, घरात तेवढं एकच नेमाने देवळाकडे बघतं. बाकी सगळे ताणून झोपतात."

मनोरमाबाईंनी मोबाइल बघितला. "दक्षिण," त्या म्हणाल्या.

त्या रस्त्यावर आणखी काही घरांपुढे तसलीच झाडं होती, आणि प्रत्येक घराकडे आपापलं कारण होतं. एका बाईंच्या मते शेजाऱ्यांनी मजला चढवल्यापासून झाड उजेडासाठी वाकलं. एका घरी गवंड्याने पायाजवळ खणल्यामुळे. एका आजोबांनी सांगितलं की थोरला मुलगा दुबईला गेला त्या वर्षी झाडाने मान टाकली. झाडं सगळी एकाच दिशेला कलली होती. बहुतेकांना बांबू किंवा दोरी होती.

"दक्षिण," मनोरमाबाई प्रत्येक ठिकाणी म्हणत, पुढे पुढे मोबाइल न बघताच.

तिथून ते कळंबला गेले. किनाऱ्यालगत अल्पेश यांची सुट्टीवाल्यांसाठी बांधलेली कॉटेजेस होती. पुढे सुरूच्या झाडांची ओळ, आणि फाटकाशी नाताळच्या पाहुण्यांसाठी लावलेलं एक उंच ख्रिसमस ट्री. तेही कललेलं.

"वाऱ्यानं हो, काका," अल्पेश म्हणाले. "समुद्राचा वारा. इथं कोन ताठ राहनार?"

आंबेरकरांनी समुद्राकडे पाहिलं. तो पश्चिमेला होता. सुरूची सगळी ओळ वाऱ्याने पूर्वेला, रस्त्याकडे, ओणवी झाली होती. "सुरू तिकडे वाकलेत. हे इकडे का?"

अल्पेशनी सुरूंकडे बघितलं, मग आपल्या झाडाकडे. इतकी वर्षं दोन्ही एकाच अंगणात होती. "याला वेगला वारा लागत असनार."

आंबेरकरांनी दोन्ही झाडं एका फोटोत येतील अशा जागी मनोरमाबाईंना उभं करून फोटो काढून घेतला. मग ते ख्रिसमस ट्रीच्या बुंध्याशी वाकले. साल पातळ, आडव्या वळकट्या होऊन सुटली होती. एक वळकटी त्यांनी अल्पेशना विचारून खिशात घातली.

सभेला गर्दी होती. झाड तोडायचं असलं की लोक येतात. जितेशनी विषय मांडला आणि आंबेरकर उभे राहिले. त्यांनी फोटो फिरवला, सालीची वळकटी फिरवली, विषुववृत्त समजावलं. शेवटी ते म्हणाले, "नवीन माहिती पुढे आली आहे. त्यानुसार हा वृक्ष नॉर्फोक नसून कुक पाइन आहे. याचं कलणं नैसर्गिक आहे."

"कुक?" मागून कोणीतरी म्हणालं. "मग स्वयंपाकाला लावा त्याला."

"काका, पण आधीचा ठराव आहे," जितेश म्हणाले. "आणि ही नवीन माहिती आली कुठून? तोडायचं ठरल्यावरच बरी आली."

मागच्या रांगेत सबनीस बाई बसल्या होत्या. त्या पंख्याकडे बघत होत्या. आंबेरकरांनी सालीची वळकटी परत हातात घेतली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"सबनीस बाईंकडून आली. आणि ती नवीन नाही. याच सभेत त्यांनी सांगितली होती. मी ऐकलं नाही."

"म्हणजे इतकी वर्षं पाटी चुकीची होती?"

"पाकिटावर एक, आत दुसरं. माझ्या खात्यात हा गुन्हा धरतात."

ज्युली परेरा म्हणाल्या, "मग काका, माझ्या बाल्कनीतलं?"

"ते उठणार नाही, ज्युली. कधीच."

"नको उठायला. तारा छान दिसतो."

जितेश मात्र हसले नाहीत. "काका, नॉर्फोक असो नाहीतर कुक, मला नावाचं काय करायचंय? माझी मुलगी त्याच्या खाली खेळते. ते पडणार का नाही, एवढं सांगा."

प्रश्न सरळ होता. "पडणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही," आंबेरकर म्हणाले. "वाकलंय म्हणून पडेल, हे मात्र खोटं आहे. माझी दोरी सोडा. वाऱ्याला झाड सबंध हललं पाहिजे, ते दोरीपाशी अडतंय. पावसाळाभर मी ओळंबा लावून कल मोजतो. वीतभरही वाढला तर तोडा. मी अडवणार नाही."

"आणि तोवर मुलं?"

"घसरगुंडी हलवा," सबनीस बाई पंख्याकडे बघतच म्हणाल्या.

हे आजवर कोणाला सुचलं नव्हतं, कारण घसरगुंडी विषयपत्रिकेवर नव्हती. ती पंपाच्या खोलीच्या पलीकडे, दोन सरळ अशोकांच्या सावलीत न्यायचं ठरलं. वृक्षतोड पावसाळ्यानंतरच्या सभेपर्यंत तहकूब झाली. त्यानंतर २०१४ चा ठराव रद्द करून झाड कुक पाइन असल्याचा नवा ठराव मताला आला, कारण जितेशच्या मते त्याशिवाय झाड बदलता येत नव्हतं. आंबेरकरांनी स्वतःविरुद्ध हात वर केला. सबनीस बाई तटस्थ राहिल्या. "झाड काय आहे यावर मी मत देत नसते," त्या म्हणाल्या. विरोधात एक: मनोरमा आंबेरकर.

घरी जाताना आंबेरकरांनी विचारलं, "तू विरोधात? का?"

"अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ नॉर्फोक ऐकलंय मी. फुकट गेलं म्हणता?"

दोरी आंबेरकरांनीच कापली. माळ्याने शिडी धरली. जितेश आपली मोटारसायकल आधीच फाटकाबाहेर ठेवून आले होते. दोरी तुटली तसं झाड किंचित दक्षिणेला सरकलं आणि थांबलं. जिथे गाठ होती तिथे खोडाला खोबण पडली होती. त्याच्या खाली झाड सरळ होतं, वर कललेलं. खालचा भाग आंबेरकरांचा होता.

पावसाळ्यात ते दर रविवारी ओळंबा घेऊन खाली उतरत. कल वाढत नव्हता. जितेश वरून विचारत, "काय काका?" आणि आंबेरकर हात हलवत. ऑगस्टमध्ये एका सकाळी जोराचा वारा सुटला. 'पाइन शिखर'मध्ये एक झाड पडलं. ते दोन अशोकांपैकी एक होतं. ते सरळ असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचं कधी लक्ष गेलं नव्हतं. पंपाच्या खोलीचा पत्रा चेपून ते नव्या जागी गेलेल्या घसरगुंडीला आडवं पडलं. शाळांना सुट्टी दिली होती आणि मुलं घरात होती.

जितेश छत्री घेऊन धावत खाली आले. त्यांनी आडव्या अशोकाकडे आणि उभ्या पाइनकडे पाहिलं. मग म्हणाले, "काका, अशोकाचं काय? त्याची जात कुठली?"

आंबेरकरांना उत्तर येत होतं. हा खरा अशोक नव्हेच, आवारांमध्ये लावतात तो नावापुरता अशोक, असं ते निवृत्तीच्या आधीपासून लोकांना सांगत आले होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि बी विंगच्या तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

"विचारून सांगतो," ते म्हणाले.

पावसाळ्यानंतरच्या सभेत वृक्षतोडीचा विषय कोणी काढला नाही. घसरगुंडी मूळ जागी, पाइनजवळ परत आली. ऑक्टोबरमध्ये नवी पाटी आली. मजकूर आंबेरकरांचा होता: कुक पाइन, मूळ स्थान, वैशिष्ट्य – दक्षिणेकडे कलतो. त्यांनी ती खोबणीच्या वरच्या बाजूला, शिडीवर चढून बसवली. मनोरमाबाईंनी पाणसळ पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

सबनीस बाई भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आल्या आणि थांबल्या. मान एका बाजूला करून त्यांनी पाटी वाचली.

"तिरकी लागलीये, आंबेरकर."

"झाडाशी काटकोनात आहे, बाई."

बाईंनी पुन्हा एकदा बघितलं. "स्क्रू घट्ट करा," त्या म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या.